झोपाळ्यावरच्या कळा

माझ्या मुलीच्या कळा खऱ्या की खोट्या हे ठरवायला त्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात पंचवीस-तीस शहाणी माणसं जमली होती. ज्या बाईच्या पोटात त्या कळा येत होत्या, तिला तेवढं कुणी विचारत नव्हतं. ती सजवलेल्या झोपाळ्यावर हिरवी साडी नेसून बसली होती आणि तिला सांगितलं होतं की हसत राहा, फोटो चाललेत.

डोहाळेजेवण सातव्या महिन्यात करतात. त्यात अक्कल आहे. सातव्यात बाईचं पोटही दिसतं आणि तिला उठता-बसताही येतं. नवव्यात तिला स्वतःची पावलं दिसत नाहीत, ती झोपाळ्यावर कशाला बसेल? पण विहीणबाईंचा व्हिसा वेळेत आला नाही, आणि त्या आल्याशिवाय कार्यक्रम करायचा नाही असं पुण्याहून ठरलं. सातवा गेला, आठवा गेला. नववा बराच सरल्यावर त्या दोन मोठ्या बॅगा घेऊन ऑकलंडला उतरल्या. एका बॅगेत नुसती सजावट होती. कागदी फुलं, मोत्यांच्या माळा, थर्माकोलचा चंद्र. इथे विमानतळावर बाहेरचं बी-बियाणं येऊ देत नाहीत, तर तिथल्या माणसाने ती कागदी फुलं एकेक उचलून पाहिली म्हणे. विहीणबाई ते फार रागाने सांगत होत्या. मला त्या माणसाचं काही चुकलं असं वाटलं नाही.

मी त्याआधी दोन महिने येऊन राहिले होते. बाळंतपण माहेरी व्हावं अशी आपली रीत. आता पोरीला माहेरी येता येत नाही, तर माहेर उचलून इकडे आणायचं, म्हणजे मला. मी चौथीपर्यंत शिकले. मुलगी औषधांचं शिकली आणि इथल्या एका इस्पितळात फार्मसीत काम करते. जावई कॉम्प्युटरमधले. ऑकलंडातच माउंट वेलिंग्टन म्हणून भाग आहे, तिथे त्यांचं घर, पुढे-मागे गवत, मध्ये लाकडी घर, भिंतीवर जोरात हात आपटला तर पलीकडच्या खोलीतली तसबीर हलते.

मला चार मुलं झाली, त्यातली ही शेवटची. त्यामुळे इथल्या मराठी बायका मला विचारत, मावशी, तुम्हाला नुसतं बघून कळत असेल ना? काय कळणार? चार वेळा जिन्यावरून पडलं म्हणून कुणी गवंडी होत नाही. मला दुखलं, मी ओरडले, मूल झालं. कुठून दुखायला लागलं आणि किती वेळाने, ते लक्षात ठेवायला मी काही तिथे पाहुणी म्हणून गेले नव्हते. पण शिकलेल्या लोकांना एक खूळ असतं. म्हातारी बाई दिसली, तीही कमी शिकलेली, की तिच्याकडे काहीतरी जुनं ज्ञान असणार असं ते धरून चालतात. माझ्याकडे नव्हतं, आणि त्याचा पुरावा आदल्या आठवड्यातच सगळ्यांना मिळाला होता.

त्या दिवशी आम्ही मायलेकी सँडरिंगहॅमला, आपल्या लोकांची दुकानं आहेत तिकडे, जाऊन वाणसामान घेऊन आलो. घरात पिशव्या ठेवताठेवता तिचं पोट दगडासारखं झालं. तिने ओटा धरला. थोड्या वेळाने परत. मी हात लावून पाहिला आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, ह्याच कळा, चला. जावयाने गाडी अशी हाणली की रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. इस्पितळात तिच्या पोटाला पट्टे बांधले. पट्टे बांधले आणि कळा गेल्या. पाहुणे आल्यावर रडणारं पोर गप्प होतं, तसं.

इथे बाळंतपणाचं सगळं मिडवाइफ बघते, आपल्याकडची शिकलेली सुईणच म्हणा. डॉक्टर मागे असतो, लागला तर. हिची मिडवाइफ पन्नाशीची, दणकट, थंडीतही अर्धी पँट घालणारी. दारातून येताना किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायची आणि मग थेट कामाला लागायची. ती मला आवडली, कारण ती उगाच हसायची नाही. तिने तपासलं आणि सांगितलं की घरी जा. ह्या सरावाच्या कळा आहेत. मुलगी मला मराठीत सांगत गेली. सरावाच्या कळा लहरी असतात. एकदा लवकर येतील, एकदा उशिरा. चाललं, पडलं, पाणी प्यायलं, कोमट पाण्यात बसलं की ओसरतात. बहुतेक पोट पुढून आवळतं आणि सुटतं. खऱ्या कळा ऐकत नाहीत. चाला नाहीतर झोपा, त्या येतच राहतात. पुढची आधीच्यापेक्षा जोरात आणि जवळ. पुष्कळदा कमरेतून निघतात आणि पुढे येतात. आणि कळ चालू असताना बाईला बोलता येत नाही.

एक गोष्ट मात्र तिने दोनदा सांगितली. मुलीच्या लघवीच्या तपासणीत एक जंतू सापडला होता. बाईला त्याचा काही त्रास नसतो, पण बाळंत होताना तो बाळाला लागला तर बाळ फार आजारी पडू शकतं. म्हणून खऱ्या कळा सुरू झाल्या की शिरेतून औषध द्यायचं, आणि बाळ येण्याआधी त्या औषधाला काही तास मिळायला हवेत. पहिलटकरणीला वेळ लागतो, घाई नको, हे बाकीच्यांना ठीक. हिने घरी रेंगाळायचं नाही. शंका आली की फोन करायचा, शंका खोटी निघाली तरी चालेल.

इतकं सरळ सांगितलेलं. आम्ही चौघांनी मिळून त्याचं काय केलं ते आता सांगते.

माझ्या शब्दाला त्या दिवसापासून घरात शिळ्या भाकरीइतकी किंमत राहिली. जावयाने फोनमध्ये कळा मोजायचं एक अ‍ॅप घेतलं. कळ आली की बोट दाबायचं, गेली की दाबायचं, मग ते अ‍ॅपच सांगतं खरी की खोटी. मी म्हटलं, पोट तिचं आणि बोट तुमचं, हे जमायचं कसं? ते म्हणाले, "आई, डेटा महत्त्वाचा असतो."  मुलीला वेगळंच खात होतं. ती त्याच इस्पितळात काम करते. तिला पट्टे बांधून झोपवलेलं आणि मग काही नाही म्हणून घरी पाठवलेलं तिच्या ओळखीच्या दोघींनी पाहिलं होतं. औषधांचं शिकलेली बाई, आणि वायगोळ्यासाठी धावत आली, असं त्या म्हणाल्या असतील, असं तिचं तिनेच ठरवलं. त्या तसं काहीएक म्हणाल्या नव्हत्या. इथे लोकांना दुसऱ्याच्या पोटात इतका रस नसतो. पण आपली माणसं समुद्र ओलांडतात तेव्हा भांडीकुंडी मागे ठेवतात आणि लाज बरोबर आणतात.

तर तो शनिवार. विहीणबाईंनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. झोपाळा भाड्याने आणला होता, लोखंडी, साखळ्यांचा. त्याला ती कागदी फुलं बांधली. थर्माकोलचा चंद्र वाऱ्याने दोनदा शेजारच्या कुंपणापलीकडे गेला आणि दोनदा शेजाऱ्याने तो न बोलता परत दिला. मुलीच्या हातात, गळ्यात, डोक्यात फुलांचे दागिने घातले. बाई जाऊन रुखवत झाला.

मला विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही स्वयंपाकघराकडे बघाल ना? तुमच्याशिवाय कुणाला जमणार." गोड बोलल्या. मी विधवा आहे. ओटी सवाष्णींनी भरायची असते, आणि भरताना माझ्यासारखी समोर नको, हे त्यांना तोंडाने म्हणायचं नव्हतं. पुण्याची माणसं दार बंद करताना आवाज होऊ देत नाहीत. मला ओटीचं काही नाही. तांदूळ आणि नारळ पदरात टाकून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण जिला मी जन्म दिला तिच्यासमोर मी नको आणि जी तिला आज पहिल्यांदा भेटतेय ती सवाष्ण चालते, हा हिशेब मला चौथीतही शिकवला नव्हता. मी पुऱ्या लाटायला घेतल्या.

स्वयंपाकघरातून मागे जायला काचेचं सरकतं दार आहे. त्यातून झोपाळा समोर दिसायचा. आवाज कमी, चित्र सगळं. मी तळता तळता बघत होते.

मुलगी कुणाशी तरी बोलत होती, आणि बोलताबोलता तिचं तोंड थांबलं. तिने साखळी धरली. समोरची बाई बोलतच राहिली. मग मुलीने श्वास सोडला आणि हसली. पुरीचा एक घाणा काढून दुसरा घालेपर्यंत परत तेच. ह्या वेळी तिने दुसरा हात मागे कमरेवर नेला. जावई तेव्हा ताकाचे ग्लास फिरवत होते. अ‍ॅपचा फोन त्यांच्या खिशात होता.

मला शंका आली. पण मागच्या आठवड्यातही आली होती, आणि तेव्हा तिनेही असाच ओटा धरला होता. मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले, पण झोपाळ्याजवळ नाही, कडेला, जिथे विहीणबाई कुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, पोरीला दुखतंय बहुतेक. त्या म्हणाल्या, दुखणारच, नववा आहे, सकाळपासून बसलीय. म्हटलं, मिडवाइफला विचारू. त्यावर त्या म्हणाल्या की मागच्या वेळेसारखं नको व्हायला, घरभर माणसं आहेत, आणि अर्धी ओटी टाकून गरोदर बाईने उठू नये. तिघींची भरून झाली होती, दोघी राहिल्या होत्या.

तोवर जवळपासच्यांच्या कानावर गेलं, आणि मग काय विचारता. जो तो वैद्य. एक म्हणाली पाणमोट फुटल्याशिवाय खऱ्या कळा नसतातच. दुसरी म्हणाली आधी रक्त दिसायला हवं, तिच्या जावेला दिसलं होतं. तिसरीने सांगितलं की पोट खाली उतरलेलं नाही, आणि तिने हे झोपाळ्यापासून वीस हातांवरून सांगितलं. कुणीतरी म्हणालं, आपल्यात डॉक्टर आहेत ना, त्यांना विचारा. डॉक्टर होते. दातांचे. त्यांनी खुर्चीतून न उठता विचारलं की पहिली खेप का, आणि हो म्हटल्यावर म्हणाले, "मग हीप्स ऑफ टाइम. जेवून घ्या सगळे." त्यांना जंतूचं माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. जेवणाचं मात्र विचारलं.

जावयाला मी बाजूला घेतलं. त्यांनी फोन काढून मला दाखवला. "हे बघा आई, एकदम इर्रेग्युलर आहे. अ‍ॅप म्हणतंय फॉल्स."

म्हटलं, "तुम्ही बोट कधी दाबलंत?"

"जमेल तेव्हा दाबतोय. पाहुणे आहेत ना."

म्हणजे कळा येत होत्या पोरीच्या वेळेने आणि मोजल्या जात होत्या ताकाच्या वेळेने. पाहुण्याच्या हातात ग्लास दिला की बोट, नाही दिला तर नाही. आणि त्यावरून ते यंत्र सांगत होतं की तुझ्या बायकोला काही झालेलं नाही. हा माणूस मोठ्या कंपनीत कामाला आहे. त्याच्या हाताखाली माणसं आहेत.

तेव्हा मी झोपाळ्याकडे गेले. सवाष्णी बाजूला झाल्या, म्हणजे मी त्यांना लागू नये म्हणून झाल्या, पण वाट मिळाली. मुलीच्या पदरात तांदूळ, नारळ, सुपाऱ्या. कपाळाला इतकं हळदकुंकू की भिवया दिसेनात. मी वाकून विचारलं, काय होतंय?

ती हळू आवाजात म्हणाली, "कमरेतून येतंय. मघाशी पाणी प्यायले, बाथरूमपर्यंत चालून आले, गेलं नाही."

"मग बोलत का नाहीस?"

"आई, परत तसंच झालं तर?"

"तर परत येऊ."

"सगळे बघताहेत गं."

"बघू देत. त्यांना तेवढंच काम आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच फोटोवाल्या मुलीने कॅमेरा वर केला, कारण आईला भेटून मुलीच्या डोळ्यांत पाणी म्हणजे चांगला फोटो. मी त्या मुलीकडे बघितलं. तिने कॅमेरा खाली घेतला.

जावयाला म्हटलं, मिडवाइफला फोन लावा आणि फोन हिच्या हातात द्या. त्यांनी लावला, पण दिला नाही. स्वतःच सांगायला लागले. किती वेळाने, किती सेकंद, सगळा तो ताकातला हिशेब. पलीकडून ती बाई काहीतरी तुटक बोलली. जावयाचा चेहरा पडला आणि त्यांनी फोन मुलीला दिला. मुलीने नंतर सांगितलं, ती म्हणाली होती की मला नवऱ्याशी बोलायचं नाही, पोट असलेल्या माणसाशी बोलायचंय.

मुलीने फोनचा आवाज मोठा केला. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण त्या दोघींचं बोलणं समजायला ते लागलं नाही. मिडवाइफ कळांबद्दल काही विचारेचना. मागे कसला गलका आहे असं तिने विचारलं. मुलगी सांगायला लागली. झोपाळा, साडी, फुलं, सासूबाई पुण्याहून आल्यात. ती बाई हं हं करत होती, मध्येच हसत होती. आजूबाजूच्या बायका कुजबुजल्या की ही कसली मिडवाइफ, गप्पा काय मारतेय. मुलगी साडीचा रंग सांगत होती आणि मध्येच थांबली. साखळी धरली. मान खाली गेली. पलीकडची बाई एक अक्षर बोलली नाही. इतका वेळ बडबडणारी बाई गप्प बसून ऐकत राहिली, आणि तिचं बघून अंगणही गप्प झालं. नुसता मुलीचा श्वास ऐकू येत होता, आणि थर्माकोलचा चंद्र वाऱ्याने खांबावर आपटत होता.

कळ गेली. मिडवाइफने शांतपणे विचारलं, हं, साडीचं काय सांगत होतीस? मुलगी परत सांगायला लागली, आणि दोन वाक्यं झाली नाहीत तोच परत थांबली.

त्यानंतर त्या बाईने गप्पा मारल्या नाहीत. आत्ता निघ, मीही निघते, एवढं म्हणाली.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, दोघींची राहिलीय. दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "विहीणबाई, तांदूळ थांबतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सुनेकडे बघून म्हणाल्या, "बस गं. अर्धवट नको."

आणि माझी मुलगी, जिने लग्न झाल्यापासून सासूसमोर कधी आवाज चढवला नव्हता, ती साखळीला धरून उठली. म्हणाली, "अहो आई, मला जायचंय. खोट्या असल्या तरी जायचंय." पदरातलं सगळं खाली गेलं. नारळ गवतातून घरंगळत दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीपाशी जाऊन थांबला. ते तेवढ्यासाठी मात्र उठले.

आता निघायचं, तर निघता येईना. आमची गाडी गॅरेजपाशी, आणि तिच्यामागे रस्त्यापर्यंत पाहुण्यांच्या गाड्या एकामागे एक लावलेल्या. जावयाने ओरडून सांगितलं, गाड्या काढा. लोक धावले, पण गाडीकडे नाही, चपलांकडे. आपल्या लोकांनी घरात येताना चपला बाहेर काढलेल्या, पायरीवर त्यांचा ढीग. इथल्या रबरी सपाता, त्यांना जँडल्स म्हणतात, कोल्हापुरी, बूट, सगळं एकात एक. प्रत्येक जण स्वतःचीच चप्पल शोधत होता. बाई बाळंत व्हायला आलीय आणि हे गृहस्थ म्हणताहेत, माझी तपकिरी होती, डावी कुठे गेली. अनवाणी चार पावलं चालून गाडी मागे घ्यायला यांच्या पायाला काय फोड येणार होते? सगळ्यात मागची गाडी डॉक्टरांची, आणि किल्ली बायकोच्या पर्समध्ये, आणि पर्स आतल्या खोलीत पलंगावर, सगळ्या बायकांच्या पर्सांखाली.

जावयाने जरा वेळ पाहिलं. मग गाडीत बसले, चाक वळवलं आणि पुढच्या गवतावरून, मी लावलेल्या कोथिंबिरीवरून गाडी काढली आणि फूटपाथ उतरून रस्त्यावर नेली. दोन महिन्यांत त्यांनी डेटा न बघता केलेली पहिली गोष्ट. कोथिंबीर गेली. उगवलीही बरी होती.

मागच्या सीटवर मी आणि मुलगी. पुढे विहीणबाई येऊन बसल्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण उतरवायला वेळही नव्हता. वाटेत मुलीने माझा हात असा दाबला की बांगडी असती तर फुटली असती. दोन कळांच्या मध्ये ती एकच विचारत होती, औषधाला वेळ मिळेल ना? जावई म्हणाले, मिळेल, मिळेल. त्यांना काय माहीत? मलाही माहीत नव्हतं.

मिडवाइफ आमच्या आधी पोचली होती, त्याच अर्ध्या पँटमध्ये. मुलीला आत नेलं, तपासलं. पुष्कळ पुढे गेलं होतं. लगेच हातात सुई घालून औषध सुरू केलं. मीही आत जायला निघाले तर मुलगी म्हणाली, "आई, तू बाहेर थांब. तू बोलशील." मी बाहेर थांबले. बरोबर होतं तिचं.

बाहेर दोन खुर्च्या. एकीवर मी, एकीवर विहीणबाई. त्यांच्या हातात अजून ते कुंकवाचं ताट होतं, गाडीतून तसंच आणलेलं. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं खोट्याच असतील."

मी म्हटलं, "तुम्हाला वाटायला पोट तुमचं नव्हतं."

त्यांनी ताट मांडीवर ठेवलं. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या की त्यांच्या पहिल्या खेपेला घरात सत्यनारायण होता, आरती होईपर्यंत त्यांना पाटावरून उठू दिलं नव्हतं. हा जावई तेव्हाचाच. कसाबसा दवाखान्यात पोचला होता.

"मग तर तुम्हाला कळायला हवं होतं," मी म्हटलं.

जे आपल्याला झालं ते दुसरीलाही होऊ दे, असं कुणी ठरवून करत नाही. पण दुसरीला होऊ लागलं की आपलं मात्र आठवत नाही. हा बायकांचा गुण मी आयुष्यभर पाहत आले, आणि शिक्षणाने त्यात काडीचा फरक पडत नाही, हे इथे येऊन पाहिलं.

मुलगी झाली. लवकर झाली. औषधाला जेवढा वेळ हवा होता त्याच्या अर्धाही मिळाला नाही.

रडली चांगली, रंगही चांगला. पण मिडवाइफने स्वच्छ सांगितलं की आता बघत राहायचं. जंतू लागला असेल तर लगेच दिसेल असं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत घरी सोडणार नाहीत. दर थोड्या वेळाने एक नर्स यायची, बाळाच्या छातीकडे बघत श्वास मोजायची, काखेत काचेची नव्हे, दुसरीच कसलीशी नळी लावून ताप बघायची आणि जायची. ती खोलीत असेपर्यंत आम्ही कुणी हलायचो नाही. ती गेली की जावई विचारायचे, काही म्हणाली का? काही म्हणालेली नसायची. त्यांच्या फोनवर पाहुण्यांचे फोटो यायला लागले. सगळे जेवलेले दिसत होते. पुऱ्या थंड झाल्या असतील, तरी संपवल्या होत्या. फोटोखाली लिहिलं होतं, काय गोड दिसतेय, चेहऱ्यावर काय तेज आलंय. तेज कसलं, ती कळ होती. मुलीने फोन उलटा करून ठेवला.

बाळ प्यायला लागलं की तिला बरं वाटायचं, झोपलं की ती घाबरायची. सारखं त्याच्या नाकाशी बोट न्यायची. मला म्हणाली, "मी पहिल्या कळेला बोलले असते तर?" खोटं बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "बोलली असतीस तर बरं झालं असतं. पण विचारायला हवं होतं आम्ही." विहीणबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. वळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण डॉक्टरीण आली. तिने बाळाला उघडं करून वरून खालून तपासलं, पोट दाबलं, पाय वाकवले, आणि म्हणाली सगळं छान आहे, घेऊन जा. जावई तिथेच रडायला लागले. चांगला उंचापुरा माणूस, तोंडावर हात घेऊन. मुलगी त्यांचा हात धरून बसली. विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी म्हटलं, "रडताय काय, गाडीत बाळाची सीट बसवलीत का?"

बसवली नव्हती. सीटशिवाय इथे बाळाला गाडीत घेता येत नाही. जावई घरी जाऊन ती घेऊन आले, अजून खोक्यातच होती, आणि गाड्या लावायच्या जागेत उकिडवे बसून ती बसवायला लागले. एक पट्टा इकडून, एक तिकडून, मध्ये कसलीशी पट्टी. फोनवर बघायचे, परत सोडायचे, परत लावायचे. मुलगी चाकांच्या खुर्चीत बसून त्यांना सांगत होती, तसं नाही, उलटं. वारा गार होता. बाळ माझ्या हातात होतं. विहीणबाई माझ्याजवळ आल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, द्या माझ्याकडे जरा, दमला असाल.

दमले होतेच. पोर जड होती, हात भरून आले होते. म्हटलं, "थांबा. देते थोड्या वेळाने."

आणि मी तिला तशीच धरून उभी राहिले.